अविश्वासाच्या पायावरचे करार

केंद्र सरकारच्या नागरी संरक्षण व्यवस्थेत महाराष्ट्रातली तीन ठिकाणे पहिल्या वर्गात, म्हणजे सर्वाधिक संवेदनशील म्हणून नोंदलेली आहेत: मुंबई, तारापूर आणि उरण. 7 मे 2025 रोजी देशभर युद्धकाळातल्या बचावाची रंगीत तालीम झाली, तेव्हा ही वर्गवारी वर्तमानपत्रांत छापून आली आणि अनेकांना उरणचे नाव त्यात पाहून नवल वाटले. उरणकरांना मात्र नवल वाटण्यासारखे त्यात काही नव्हते. बॉम्बे हायचे तेल आणि वायू समुद्राखालच्या नळांतून इथे किनाऱ्याला लागतात. त्या वायूवर चालणारे वीज केंद्र बोकडवीऱ्याला आहे. करंजाला नौदलाचे शस्त्रागार आहे. 1989 साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर याच तालुक्यात आहे, आणि घारापुरी बेटाच्या पलीकडे, खाडीच्या समोरच्या काठावर, ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र उभे आहे. दोन देशांतला तणाव वाढला की त्याचा अर्थ काय होतो, हे समजून घ्यायला इतकी सोयीची जागा दुसरी सापडणे कठीण.

हा तणाव कशाने वाढतो, कशाने उतरतो आणि बाहेरच्या कुणी त्यात हात घालावा का, या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या विद्याशाखेला शांतता संशोधन म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर, अण्वस्त्रांच्या सावलीत ती आकाराला आली. नॉर्वेचे योहान गाल्टुंग यांनी 1959 मध्ये ऑस्लोत शांतता संशोधन संस्थेचा पाया घातला आणि 1964 मध्ये या विषयाचे नियतकालिक सुरू केले. त्याआधी त्यांनी तत्त्वज्ञ आर्ने नेस यांच्यासोबत गांधीजींच्या राजकीय नीतिविचारावर ग्रंथ लिहिला होता. म्हणजे या शाखेच्या मुळांपैकी एक आपल्याच मातीतले आहे. स्वीडनने 1966 मध्ये स्टॉकहोममध्ये अशीच संस्था काढली, जिचे शस्त्रखरेदीचे आकडे आज जगभर वापरले जातात.

या शाखेबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. शांतता संशोधक म्हणजे सलोख्याचे आवाहन करणारी भली माणसे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्यांचा बराचसा वेळ अविश्वासाच्या अभ्यासात जातो. राज्यशास्त्रज्ञ जॉन हर्झ यांनी 1950 मध्ये मांडलेली सुरक्षेची कोंडी ही कल्पना इथली कळीची आहे. एक देश स्वतःच्या बचावासाठी तोफा वाढवतो. शेजाऱ्याला त्या चढाईच्या वाटतात, म्हणून तोही वाढवतो. पहिल्याला मग आपली शंका खरी ठरल्यासारखे वाटते. यात दोघांपैकी कुणी दुष्ट असण्याची गरज नाही. म्हणूनच मने बदलण्यापेक्षा एकमेकांच्या हालचालींचा चुकीचा अर्थ लागू नये अशी व्यवस्था करणे अधिक उपयोगी, असा या अभ्यासकांतल्या मोठ्या गटाचा निष्कर्ष आहे. भारत-पाकिस्तान संबंधांत या निष्कर्षाची कसोटी घेण्यासारखे भरपूर साहित्य आहे, आणि त्यातले सर्वांत चांगले उदाहरण उरणच्या समोरच्या काठावर आहे.

ट्रॉम्बेला 4 ऑगस्ट 1956 रोजी अप्सरा ही आशियातल्या पहिल्या काही अणुभट्ट्यांपैकी एक कार्यान्वित झाली. मग सायरस आणि ध्रुव आल्या. 7 जून 1981 रोजी इस्राएलच्या विमानांनी इराकची ओसिराक अणुभट्टी उद्ध्वस्त केली, तेव्हा भारताकडून पाकिस्तानच्या कहुता प्रकल्पावर असाच हल्ला होईल अशी भीती तिकडे पसरली. तसे झाले तर उत्तर ट्रॉम्बेवर दिले जाईल, असा इशारा पाकिस्तानने पोहोचवल्याच्या नोंदी त्या काळावरच्या लेखनात आहेत. त्या इशाऱ्याचा अर्थ केवळ लष्करी नव्हता. चालू अणुभट्टी फुटली तर किरणोत्सर्ग वाऱ्याबरोबर पसरतो. खाडीच्या एका काठाला मुंबई आणि दुसऱ्या काठाला उरण-पनवेलची गावे, त्यामुळे वारा कुठूनही वाहिला तरी माणसांच्याच अंगावरून जाणार.

डिसेंबर 1985 मध्ये राजीव गांधी आणि झिया उल हक यांनी एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचे तोंडी ठरवले. लेखी करार 31 डिसेंबर 1988 रोजी इस्लामाबादेत झाला. तेव्हा झिया यांच्या जागी बेनझीर भुट्टो आल्या होत्या. 27 जानेवारी 1991 रोजी तो अमलात आला. करार लहानसा आहे. दुसऱ्याच्या अणुप्रतिष्ठानाचा नाश किंवा नुकसान होईल असे कोणतेही कृत्य करायचे नाही, त्याला उत्तेजन द्यायचे नाही, त्यात सामील व्हायचे नाही. अणुप्रतिष्ठान म्हणजे काय, तर वीजनिर्मितीच्या आणि संशोधनाच्या अणुभट्ट्या, इंधननिर्मितीचे, युरेनियम समृद्धीकरणाचे, पुनर्प्रक्रियेचे प्रकल्प वगैरे. आणि दरवर्षी 1 जानेवारीला दोन्ही देशांनी आपापल्या प्रतिष्ठानांची यादी, अक्षांश-रेखांशांसह, एकमेकांना द्यायची.

पहिली यादी 1 जानेवारी 1992 रोजी दिली-घेतली गेली. त्यानंतर एकही वर्ष चुकलेले नाही. 1998 मध्ये दोघांनी अणुचाचण्या केल्या, 1999 मध्ये कारगिल झाले, तरी यादी गेली. 13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला, सैन्ये सीमेवर जमू लागली, आणि अडीच आठवड्यांनी आलेल्या 1 जानेवारीला राजनैतिक अधिकाऱ्यांनी नेहमीप्रमाणे लखोटे बदलले. मुंबईवर 26 नोव्हेंबर 2008 ला हल्ला झाला, त्यानंतरही तेच. 1 जानेवारी 2025 ची यादी सलग चौतिसावी होती.

या कराराच्या त्रुटी उघड आहेत. यादी खरी की अपुरी हे तपासण्याची सोय त्यात नाही, आणि पहिल्याच वर्षी दोन्ही बाजूंनी एखाद-दुसरे ठिकाण गाळल्याचा संशय अभ्यासकांनी नोंदवला आहे. शहरांवरच्या हल्ल्याबद्दल तो काही बोलत नाही. पण त्याचे टिकणे विचार करायला लावते. पंतप्रधान वाजपेयींच्या लाहोर बसयात्रेसारखे मोठ्या भावनेचे प्रसंग काही महिन्यांत विरून गेले आणि कारकुनी वळणाचा हा कागद तीन दशकांहून अधिक काळ चालू राहिला. त्याचे कारण बहुधा असे की, तो कुणाकडून विश्वासाची मागणीच करत नाही. यादी दिल्याने कुणाची अब्रू जात नाही, न दिल्याने मात्र जगाच्या नजरेत शंका उभी राहते.

लष्करी हालचालींबद्दलचे करारही याच जातीचे आहेत. 1986-87 च्या हिवाळ्यात राजस्थानात भारताचा ब्रासटॅक्स नावाचा प्रचंड युद्धसराव झाला. पाकिस्तानला तो हल्ल्याची तयारी वाटला, त्याने आपले सैन्य हलवले आणि जानेवारी 1987 मध्ये युद्धाची शक्यता खरोखर निर्माण झाली. त्यातून धडा घेऊन 6 एप्रिल 1991 रोजी दोन करार झाले. मोठ्या सरावांची आगाऊ सूचना द्यायची. लढाऊ विमानांनी सीमेच्या 10 किलोमीटरच्या आत यायचे नाही. समुद्रात आंतरराष्ट्रीय हद्दीत नौदलाच्या बोटींनी परस्परांपासून किमान तीन सागरी मैल, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर, अंतर राखायचे, आणि विमानांनी दुसऱ्याच्या जहाजांवरून घिरट्या घालायच्या नाहीत. अमेरिका आणि सोव्हिएत संघाने समुद्रातल्या अपघातांसाठी 1972 मध्ये केलेल्या कराराशी याचे नाते दिसते. त्याशिवाय दोन्ही लष्करांच्या कारवाई विभागांचे महासंचालक हॉटलाइनवर बोलतात. ही सोय 1971 च्या युद्धानंतरची. दोन्ही सैन्यांत लढाई चालू असताना 10 मे 2025 च्या दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी पाकिस्तानी महासंचालकांचा दूरध्वनी याच मार्गाने आला आणि संध्याकाळी 5 वाजल्यापासून गोळीबार थांबवायचे ठरले.

यंत्रणा नसेल तिथे काय होते, याचे उदाहरण 9 मार्च 2022 चे. भारताचे एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ पडले. त्यावर स्फोटक नव्हते, कुणी मेले नाही. क्षेपणास्त्र चाचण्यांची पूर्वसूचना देण्याचा 2005 चा करार अस्तित्वात होता, पण तो बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता. ब्राह्मोस क्रूझ वर्गातले आहे, ते त्यात बसत नाही. पाकिस्तानने 10 तारखेला घटना जाहीर केली, भारताने 11 तारखेला तांत्रिक बिघाड मान्य केला आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढले. तणावाचे दिवस असते तर मधले दोन दिवस फार लांब ठरले असते.

तणावाचे दिवस कसे असतात ते उरणने सप्टेंबर 2016 मध्ये पाहिले. 18 तारखेला काश्मिरात उरीच्या लष्करी तळावर हल्ला झाला होता. 22 तारखेला उरणमधल्या दोन शाळकरी मुलांनी काळ्या कपड्यांतली, बंदूकधारी माणसे पाहिल्याचे सांगितले. नौदलाने मुंबई, ठाणे, रायगडच्या किनाऱ्यावर अतिदक्षतेचा इशारा दिला. पोलीस, दहशतवादविरोधी पथक, कमांडो आले, हेलिकॉप्टरे फिरली, शाळा बंद राहिल्या, संशयितांची रेखाचित्रे निघाली. कुणीही सापडले नाही. 28-29 सप्टेंबरच्या रात्री भारतीय सैन्याने नियंत्रण रेषा ओलांडून कारवाई केली. तिचा उरणच्या घटनेशी संबंध नव्हता, पण दोन्ही एकाच आठवड्याच्या ताणात घडल्या. आठ वर्षांपूर्वी समुद्रमार्गे दहशतवादी उतरलेल्या किनाऱ्यावर यंत्रणेने अशी बातमी हलकेच घेणे शक्यच नव्हते, आणि घेऊही नये. प्रश्न असा की, ताणलेल्या वातावरणात चुकीची किंवा अपुरी माहितीही खऱ्यासारखी काम करते. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट जर्व्हिस यांनी राजकीय नेत्यांच्या आकलनातल्या चुकांवर जे लिहिले, त्याचा गाभा हाच आहे. माणूस नवी बातमी कोऱ्या पाटीवर घेत नाही. आधीच्या भीतीत ती बसते की नाही, हे तो आधी पाहतो. 26 सप्टेंबर 1983 रोजी सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांच्यासमोरच्या पडद्यावर अमेरिकी क्षेपणास्त्रे दिसली, तेव्हा ती यंत्राची चूक असावी असे मानून त्यांनी ती खरी असल्याचे वर कळवले नाही. सगळीकडे पेत्रोव्ह असतीलच असे नाही.

सगळेच संशोधक यादी आणि फोनवर थांबत नाहीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ चार्ल्स ऑसगुड यांनी 1962 मध्ये तणाव उतरवण्याची एक पायरी-पायरीची पद्धत सुचवली. एका बाजूने आपल्या सुरक्षेला धोका पोहोचणार नाही असे छोटे पाऊल आधी जाहीर करून, एकतर्फी उचलायचे. ते दुसऱ्याला पडताळता आले पाहिजे. त्याने प्रतिसाद दिला तर पुढची पायरी, नाही दिला तरी लगेच माघार नाही. 10 जून 1963 ला अध्यक्ष केनेडी यांनी वातावरणातल्या अणुचाचण्या थांबवण्याची घोषणा केली आणि ऑगस्टमध्ये त्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला. हा या पद्धतीचा विजय मानला जातो. दक्षिण आशियात तिचा हिशेब मिश्र आहे. वाजपेयी फेब्रुवारी 1999 मध्ये बसने लाहोरला गेले आणि मे महिन्यात कारगिलच्या डोंगरांवर घुसखोर सापडले. तरी 26 नोव्हेंबर 2003 चा शस्त्रसंधी, ज्याची सुरुवात पाकिस्तानच्या एकतर्फी घोषणेने झाली, नियंत्रण रेषेवरच्या गावांना काही वर्षे तरी शांत झोप देऊन गेला. 25 फेब्रुवारी 2021 रोजी दोन्ही महासंचालकांनी त्याचीच पुन्हा ग्वाही दिली.

आंतरराष्ट्रीय व्यवस्था हा शब्द ऐकला की न्यूयॉर्कची इमारत डोळ्यांपुढे येते. तिचा रोजचा चेहरा मात्र बंदरांवर दिसतो, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक उरणला असल्यामुळे तो इथे ठळक आहे. 23 जानेवारी 2024 रोजी चीनमधून कराचीला निघालेले एक जहाज न्हावा-शेवाला, म्हणजे याच बंदरात, थांबले असता सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी त्यातला 22 टनांवरचा माल अडवला. त्यात धातूकामाचे संगणकनियंत्रित यंत्र होते. अशी यंत्रे मोटारीच्या सुट्या भागांसाठी चालतात आणि क्षेपणास्त्रांच्या भागांसाठीही. संरक्षण संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी पाहणी केली. भारताच्या मते ते पाकिस्तानच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमात वापरता येण्यासारखे होते. पाकिस्तानने ते मोटारउद्योगाला माल पुरवणाऱ्या कंपनीचे साधे यंत्र असल्याचे सांगून निषेध नोंदवला.

अडवण्याचा आधार काय? 1996 पासून काही देशांनी दुहेरी उपयोगाच्या वस्तूंवर नियंत्रण ठेवण्यासाठी वासेनार व्यवस्था उभी केली आहे. भारत डिसेंबर 2017 मध्ये तिचा 42 वा सदस्य झाला. चीन आणि पाकिस्तान तिचे सदस्य नाहीत. शिवाय सुरक्षा परिषदेचा 2004 चा 1540 क्रमांकाचा ठराव सर्व देशांना महासंहारक शस्त्रांचे साहित्य आपल्या हद्दीतून जाऊ न देण्याचे बंधन घालतो, आणि भारताचा 2005 चा कायदा केवळ आयात-निर्यातच नव्हे तर बंदरातून पुढे जाणारा मालही कक्षेत घेतो. हे नियम मोजक्या देशांनी केले आणि ते सगळ्यांना लागतात, ही पाकिस्तानची तक्रार निराधार म्हणता येत नाही. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर अणुपुरवठादार देशांचा गट भारताला रोखण्यासाठी उभा राहिला, तेव्हा दिल्लीचीही तीच तक्रार होती.

व्यापार वाढला की युद्धाची शक्यता घटते, असा एक जुना सिद्धान्त आहे. 2 मे 2025 रोजी, काश्मिरातल्या पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर, भारताने पाकिस्तानी मालाची आयात पूर्ण बंद केली. जूनमध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा-शेवाला 39 कंटेनर पकडले. त्यांत दुबईमार्गे, मूळ देश लपवून आलेला 1,115 टन पाकिस्तानी माल होता, किंमत सुमारे 9 कोटी रुपये. खारीक त्यातलीच. या एका उदाहरणावरून सिद्धान्त खरा-खोटा ठरत नाही, पण राज्यसंस्थेचा हुकूम आणि बाजाराची सवय यांची गती वेगळी असते एवढे त्यातून दिसते.

हस्तक्षेपाचा प्रश्न मराठी वाचकाला गोव्यामुळे जवळचा आहे. संयुक्त राष्ट्रांची सनद बळाच्या वापराला मनाई करते, आणि वसाहतवाद संपला पाहिजे असेही 14 डिसेंबर 1960 चा महासभेचा ठराव म्हणतो. 1954 मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यातली दादरा-नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली, ज्यांत संगीतकार सुधीर फडके होते. भारताने पोर्तुगीज सैन्याला वाट नाकारली म्हणून पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती मु. क. छागला तिथे तदर्थ न्यायाधीश होते. 12 एप्रिल 1960 च्या निकालात नागरिक आणि मालाला वाटेचा हक्क मान्य झाला, सैन्याला नाही. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा सुरक्षा परिषदेत माघारीचा ठराव सात विरुद्ध चार मते मिळवूनही सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. गोवेकरांच्या दृष्टीने ती मुक्ती होती, सनदेच्या अक्षराच्या दृष्टीने बळाचा वापर. शांतता संशोधनाला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानूनच पुढे जावे लागते. बांगलादेश, कोसोवो, लिबिया या प्रत्येक वेळी हाच पेच पुन्हा आला. 2011 मध्ये लिबियावरच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला.

शेजाऱ्यांतल्या वादात तिसऱ्याने पडण्याला भारताचा विरोध 1972 च्या सिमला करारापासून ठाम आहे. मात्र त्याआधीचा अनुभव सरसकट वाईट नव्हता. सिंधू जलवाटप 1960 मध्ये जागतिक बँकेच्या मध्यस्थीने झाले. कच्छच्या रणाचा वाद स्वीडिश न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या लवादाने 1968 मध्ये सोडवला आणि तो निकाल दोघांनीही पाळला.

गाल्टुंग यांनी युद्ध नसणे आणि खरी शांतता यांत फरक केला होता. व्यवस्थेमुळे माणसाचे आयुष्य खुंटत असेल तर तीही हिंसाच, असे ते म्हणत. देशाच्या सुरक्षेसाठी आणि विकासासाठी उरण तालुक्याने दिलेल्या जमिनीकडे या अंगानेही पाहता येते. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या शेतकरी आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण मारले गेले, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण त्या लढ्यातून आले. नौदल शस्त्रागाराभोवतीच्या सुरक्षा पट्ट्यातल्या घरांचा प्रश्न तर अजूनही रेंगाळतो आहे.

अशी खुंटलेली आयुष्ये समुद्रातल्या हद्दीवरही आहेत. 1968 च्या लवादाने कच्छचे रण वाटले, पण त्याच्या टोकाची सर क्रीक ही खाडी वाटली नाही. तिथली रेषा ठरलेली नसल्याने पुढे समुद्रातली हद्दही ठरलेली नाही, आणि मासळीच्या मागे गेलेले खलाशी दोन्हीकडे पकडले जातात. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात, त्यामुळे कराचीच्या तुरुंगात पालघरची माणसेही असतात. 2008 च्या करारानुसार दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्या दिल्या जातात, अटकेनंतर तीन महिन्यांत दूतावासाच्या अधिकाऱ्याची भेट व्हावी लागते, आणि शिक्षा संपून नागरिकत्व पटले की एका महिन्यात सुटका. जानेवारी 2025 च्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यात 217 आणि भारताच्या ताब्यात 81 मच्छीमार होते. सुटकेची मुदत कागदावर राहते, कारण नागरिकत्व पटवण्याचे काम तणावाच्या काळात पुढे सरकत नाही. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती 2007 मध्ये नेमली होती. तिने तुरुंगांना भेटी दिल्या आणि आजारी, वृद्ध कैद्यांना आधी सोडण्याच्या शिफारशी केल्या. तिची शेवटची भेट ऑक्टोबर 2013 मध्ये झाली.